झोडपणाऱ्याची गोष्ट

गेल्या गॅदरिंगला आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीने अकरा मिनिटांचा सिनेमा दाखवला. मोबाईलवर शूट केलेला, मेसच्या मागच्या चहाच्या टपरीवर. दुसऱ्या दिवशी मी भित्तिपत्रकावर त्याचं परीक्षण लावलं. परीक्षण कसलं, पोस्टमॉर्टेमच! सूर धड विनोदी नाही धड गंभीर नाही, गती सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या लायनीला असते तेवढी, आणि कल्पना सरळ सरळ उसनी. सगळं हॉस्टेल हसलं. ती हसली नाही. पुढचे चार महिने तिने कॅमेरा हातात घेतला नाही, आणि माझ्याशी ती फक्त बादलीच्या नंबरापुरतं बोलायची.

सूर, गती, नावीन्य. जगातला कुठलाही समीक्षक उघडा, या तीन गोष्टींवर तो बोलणारच. पण वर्कशॉपमध्ये जॉब चुकला तर व्हर्निअर लावून दाखवता येतं की बाबा, इथे इतका चुकला. सिनेमाचा सूर चुकला हे कशाने मोजायचं? या प्रश्नाच्या मागे लागले तेव्हा मला फ्रान्स्वा त्रुफो भेटला. 'फोर हंड्रेड ब्लोज'वाला मोठा दिग्दर्शक म्हणून तो पुष्कळांना माहीत असतो. त्याच्याआधीचा त्रुफो मात्र वेगळाच होता. तो पॅरिसमधला सगळ्यात खवट समीक्षक होता.

त्याचा जन्म 6 फेब्रुवारी 1932 चा, पॅरिसचा. आईचं लग्न झालेलं नव्हतं. पुढे तिने रोलाँ त्रुफो या माणसाशी लग्न केलं आणि पोराला त्याचं नाव मिळालं. हा रोलाँ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायला पळायचा. (ड्रॉईंग शीटवर जन्म घालवणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला सहानुभूती वाटायलाच हवी!) पोरगा आधी दाईकडे, मग आजीकडे वाढला. आजी गेल्यावर आईबापांच्या लहानशा घरात आला, आणि आपण इथे अडचण आहोत हे त्याला लगेच कळलं. मग तो सिनेमाला पळायला लागला. शाळा बुडवून, तिकीट न काढता, मागच्या दाराने. चांगला सिनेमा असला तर पाच-सात वेळा. चौदाव्या वर्षी शाळाच सुटली.

1948 मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, त्याने मित्राबरोबर फिल्म क्लब काढला. क्लब बुडाला, कर्ज झालं, आणि वैतागून बापाने त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं. रवानगी सुधारगृहात. तिथून त्याला सोडवायला धडपडला तो आंद्रे बाझाँ. हा माणूस त्या काळातला फ्रान्समधला सगळ्यात विचारी सिनेसमीक्षक. प्रकृतीने किडकिडीत, बोलायला अडखळणारा, पण कारखान्यांत आणि क्लबांत सिनेमे दाखवून लोकांशी तासन्‌तास चर्चा करणारा. पुढे त्रुफो लष्करात भरती झाला, इंडोचायनाला जायची वेळ आली तेव्हा पळाला, पुन्हा तुरुंगात गेला. पुन्हा बाझाँच धावला. त्याने पोराला घरी ठेवून घेतलं आणि लिहायला लावलं. बाझाँने 1951 साली सहकाऱ्यांबरोबर सुरू केलेलं 'काहिए दु सिनेमा' हे मासिक होतंच.

जानेवारी 1954 च्या अंकात त्रुफोचा तो प्रसिद्ध लेख आला. फ्रेंच सिनेमातल्या एका विशिष्ट प्रवृत्तीबद्दलचा. लेखकाचं वय एकवीस! माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठा. बाझाँने तो लेख बरेच महिने रोखून धरला होता, पुन्हा पुन्हा लिहायला लावला होता, तरी तो बॉम्बसारखाच पडला.

त्यात त्रुफोचं भांडण नावीन्यावरून होतं. तेव्हा फ्रान्समध्ये नावाजलेल्या कादंबऱ्यांवरून गुळगुळीत, महागडे, स्टुडिओतले सिनेमे निघायचे. परदेशात बक्षिसं मिळायची, दर्जेदार सिनेमा म्हणून मिरवायचे. ओरांश आणि बोस्त ही पटकथाकारांची जोडी त्यातली सगळ्यात वजनदार. त्यांची पद्धत अशी की कादंबरीतला एखादा प्रसंग पडद्यावर येणार नाही असं वाटलं तर तो काढायचा आणि त्याच्या तोडीचा दुसरा प्रसंग स्वतः रचून घालायचा. म्हणजे इक्विव्हॅलंट सर्किट! त्रुफो म्हणाला, ही तोड नाही, ही लबाडी आहे. हे लोक कुठलीही कादंबरी घेतात आणि शेवटी एकच सिनेमा बनवतात, तोच कडवटपणा, तीच धर्माची टिंगल, तेच चुरचुरीत संवाद. पुरावा म्हणून त्याने एका गावातल्या पाद्र्याच्या डायरीवरची, बेर्नानोसची कादंबरी घेतली. ओरांश-बोस्तनी तिची पटकथा केली होती, ती पडद्यावर आली नाही. नंतर रोबेर ब्रेसाँने 1951 मध्ये त्याच कादंबरीवर सिनेमा केला, ज्याचं रूपांतर होणार नाही असं म्हटलं जात होतं ते सगळं जवळपास जसंच्या तसं ठेवून. बास! मुद्दा सिद्ध.

इथपर्यंत वाचून मी खूष झाले होते. असं पाहिजे! पण पुढची गोष्ट कळली तेव्हा पोटात गोळा आला. ओरांश-बोस्तची ती पटकथा त्रुफोला मिळाली कुठून? खुद्द बोस्तकडून. धडपडणारा होतकरू मुलगा पटकथा वाचायला मागतोय म्हणून त्याने विश्वासाने दिली होती. त्याच कागदांनी त्रुफोने त्याला झोडपलं.

त्या लेखाने त्रुफोचं नाव झालं. 'आर्त' नावाच्या साप्ताहिकातून तो आठवड्याला कुणाची ना कुणाची सालं काढू लागला. दिग्दर्शक हाच सिनेमाचा कर्ता, बाकी सगळे हाताखालचे, हा त्याचा आणि त्याच्या मित्रांचा सिद्धांत. त्यातून एक विचित्र हिशोब निघाला. ज्याला आपण थोर मानलं त्याचा पडेल सिनेमाही थोर, आणि ज्याला खालचा मानलं त्याचा चांगला सिनेमाही फालतू. गंमत म्हणजे याला ब्रेक लावला तो बाझाँनेच. त्याच मासिकात 1957 मध्ये त्याने लिहिलं की अशाने व्यक्तिपूजा होते आणि समोरचा सिनेमा बघायचा राहून जातो. बापाने पोराला चारचौघांत, पण प्रेमाने दिलेला दम. मला या सगळ्या कहाणीत बाझाँ सगळ्यात जास्त आवडतो, हे आत्ताच सांगून टाकते.

1958 च्या कान महोत्सवाने त्रुफोला पास दिला नाही. महोत्सवावरच तोंडसुख घेतलं होतं ना! पण पठ्ठ्या 1959 मध्ये तिथेच 'फोर हंड्रेड ब्लोज' घेऊन गेला आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं बक्षीस घेऊन आला. पैसे कुठून आले? सासऱ्याकडून. सासरा चित्रपट वितरक. ज्या धंदेवाईक सिनेमाला जावई दर आठवड्याला शिव्या घालायचा त्याच धंद्यातला हा माणूस, पण मदतीला उभा राहिला. शूटिंग 10 नोव्हेंबर 1958 ला सुरू झालं. त्याच रात्री, तारीख उलटल्यावर, बाझाँ गेला. ल्युकेमिया. वय चाळीस. सिनेमा त्याच्या स्मृतीलाच अर्पण केलेला आहे.

हा सिनेमा मी हॉस्टेलच्या खोलीत, रात्री दोन वाजता, एक कान दाराकडे ठेवून पाहिला. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. आंत्वान नावाचा पोरगा शाळा बुडवतो, खोटं बोलतो, टाईपरायटर चोरतो, बाप त्याला पोलिसांकडे देतो, सुधारगृहातून तो पळतो. शेवटी तो समुद्राकडे धावतो, नुसता धावतो, कॅमेरा बाजूने चाललाय, आणि काहीही होत नाही. परीक्षणात मी नक्की लिहिलं असतं की इथे गती मंदावली! पण ते धावणं अर्ध्यात कापलं असतं तर शेवटी पोरगा आपल्याकडे वळतो आणि चित्र तिथेच गोठतं, ते पाहताना आपल्याला धाप लागली नसती. या सिनेमाने त्याच्या आईबापांनाही झोडपलं. सगळ्या पॅरिसने त्यांच्या घराची लाज पाहिली. ते फार दुखावले आणि घरातला तणाव वर्षानुवर्षं गेला नाही.

सूर कसा मोजतात ते दुसऱ्या सिनेमात कळलं. तेही त्याच्याच अंगावर आलं. 'शूट द पियानो प्लेअर', 1960. गुंडांची गोष्ट, पण मधेच प्रेम, मधेच आत्महत्या, मधेच निव्वळ पोरकटपणा. एक गुंड म्हणतो की मी खोटं बोलत असेन तर माझी आई मरो, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर एक म्हातारी धाडकन आडवी! मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. 1960 मध्ये प्रेक्षकांना मात्र हसावं की रडावं कळेना, सिनेमा पडला. गंमत बघा, पुढे दोन अमेरिकन तरुणांनी अशाच मिश्र सुरात 'बॉनी अँड क्लाईड'ची पटकथा लिहिली आणि आधी त्रुफोलाच देऊ केली. त्याने तो सिनेमा केला नाही. आर्थर पेनने 1967 मध्ये केला आणि त्याच सुरावरून अमेरिकेतल्या समीक्षकांत जुंपली.

गतीचा धडा त्याने हिचकॉककडून घेतला. त्या वेळी हिचकॉक म्हणजे नुसता करमणूक करणारा जादूगार, असं बऱ्याच समीक्षकांचं मत. ऑगस्ट 1962 मध्ये त्रुफो हॉलिवूडला गेला आणि दुभाषी बाई मधे बसवून जवळजवळ आठवडाभर त्याला एकेका सिनेमाबद्दल विचारत राहिला. 1966 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्धच आहे. दोन माणसं फालतू गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला तर आपण काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे आपल्याला आधीच माहीत असेल तर त्याच फालतू गप्पा पाच मिनिटं चालल्या तरी आपण खुर्चीच्या टोकावर. म्हणजे सीन किती मिनिटांचा आहे हे घड्याळ सांगतं, पण लांबला की नाही हे प्रेक्षकाला काय माहीत आहे त्यावर ठरतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं!

1973 मध्ये सिनेमाच्या शूटिंगवरचा 'डे फॉर नाईट' आला. जुना मित्र गोदारने तो पाहून पत्र लिहिलं आणि त्याला खोटारडा ठरवलं. त्रुफोनेही लांबलचक, जळजळीत उत्तर पाठवलं. दोस्ती तिथे संपली ती कायमची. सिनेमाला ऑस्कर मिळालं. त्याच सुमारास बर्त्राँ ताव्हेर्निए नावाच्या नव्या दिग्दर्शकाने आपल्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या पटकथेसाठी मुद्दाम कुणाला बोलावलं असेल? ओरांश आणि बोस्तला. वीस वर्षं ज्यांचं नाव जुनाट म्हणून घेतलं जात होतं ते दोघे म्हातारे पुन्हा कामाला लागले. सिनेमा 1974 ला आला, चांगला चालला. पुढच्या वर्षी बोस्त गेला.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट. स्पीलबर्गच्या 1977 च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये त्रुफो फ्रेंच शास्त्रज्ञ झालाय, आणि त्यातला आकाशाकडे बोटं दाखवणाऱ्या गर्दीचा सीन खालापूर तालुक्यातल्या हाळ गावी शूट झाला. मुंबई-पुणे करताना आपण त्या बाजूने किती वेळा गेलो असू!

1980 चा 'द लास्ट मेट्रो' हा त्याचा सगळ्यात यशस्वी सिनेमांपैकी एक. 1981 मध्ये त्याला दहा सीझर पुरस्कार मिळाले. जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमधलं नाटकाचं थिएटर, मोठे नट, देखणा सेट, घोटीव पटकथा. काही समीक्षकांनी म्हटलं की हा तर तोच जुना दर्जेदार सिनेमा, एकवीस वर्षांच्या त्रुफोने ज्याला झोडपलं होतं तो! त्यातला खलनायक कोण आहे माहितेय? नाट्यसमीक्षक. जर्मनांच्या बाजूचा, विषारी लिहिणारा. एका परीक्षणावरून नायक त्याला भररस्त्यात धरून चोप देतो. तो सीन लिहिताना त्रुफोच्या डोळ्यासमोर कोण असेल, नाझींचा हस्तक की 'आर्त'मधला तरुण, यावर मी आणि माझी रूममेट एका रात्री दीड तास भांडलो.

मेंदूतल्या गाठीने तो 21 ऑक्टोबर 1984 ला गेला. बावन्न वर्षांचा होता. त्याच्या निवडक परीक्षणांचं पुस्तक 1975 मध्येच निघालं होतं. त्यात त्याला आवडलेल्या सिनेमांवरचेच लेख जास्त आहेत.

परवा मी मैत्रिणीचा सिनेमा तिच्याकडून मागून घेतला आणि पुन्हा पाहिला. कल्पना उसनी आहे, हे माझं मत कायम आहे. टपरीवर दोघी चहा पितात तो सीन अजूनही लांबच वाटतो, पण त्यातली एक उद्या हॉस्टेल सोडून जाणार आहे हे आपल्याला शेवटी कळतं, ते आधी कळलं असतं तर वाटला नसता. हे तिला जाऊन सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, की हे कळायला नक्की कुठे हवं होतं, पहिल्या घोटाच्या आधी की नंतर.