न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, लंडनमध्येही मिळाली. पण बडोद्यात बाबासाहेबांना घर मिळालं नाही

जून-जुलै उजाडला की पुण्या-मुंबईत एकच धावपळ सुरू होते. ॲडमिशन झालेलं असतं, पण खोली मिळालेली नसते. कॉलेजजवळची खोली परवडत नाही. परवडणारी मिळाली तर दीड तास प्रवास. आणि सगळं जुळून आलं की घरमालक सहज विचारल्यासारखं आडनाव विचारतो.

या सगळ्यातून शंभर वर्षांपूर्वी एक विद्यार्थी गेला होता. चार शहरं आणि तीन देशांमध्ये. त्या विद्यार्थ्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

सुरुवात मुंबईपासून. हायस्कूलला असताना बाबासाहेबांचं अख्खं कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहायचं. तिथेच चूल, तिथेच झोपणं. अभ्यासाला जागाच नाही. मग वडील रामजी सुभेदारांनी तोडगा काढला. मुलाला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून त्याच्या जागेवर आपण पडायचं. एका माणसाची झोपायची जागा बापलेक पाळीपाळीने वापरत होते.

१९१३ मध्ये रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. राहणं, खाणं, पुस्तकं सगळं त्यातच, शिवाय घरीही पैसे पाठवायचे. बदल्यात शिक्षण झालं की दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता.

न्यूयॉर्कमध्ये ते आधी हार्टली हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले. पण तिथलं जेवण काही पचनी पडेना. आठवड्याभरात त्यांनी बाडबिस्तरा हलवला तो कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये. तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले आणि तिथे त्यांना रूम पार्टनर मिळाला, नवल भथेना. हा पारशी तरुण त्यांचा आयुष्यभराचा मित्र झाला.

तीन वर्षांत तीन पत्ते. त्या काळातलं न्यूयॉर्क काही भेदभावमुक्त शहर नव्हतं, काळ्या लोकांना तिथेही हवं तिथे घर मिळत नव्हतं. पण खोलीसाठी बाबासाहेबांना जात सांगावी लागली नाही.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं आणि करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात हजर झाले.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. नोकरी सरकारी, हुद्दा मोठा, पगार चालू. पण राहायचं कुठे? हिंदू खानावळीत अस्पृश्याला जागा नव्हती. शेवटी त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने नोंद केली. दिवसाला दीड रुपया द्यायचा आणि वरच्या मजल्यावर राहायचं. तो मजला म्हणजे मोडकं सामान टाकायची अडगळ. वीज नाही, बोलायला माणूस नाही. रात्री एक कंदील मिळायचा, त्याच्या उजेडात पुस्तक वाचायचं.

तिकडे संस्थानाकडे बंगल्यासाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर येत नव्हतं.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडा, असा दम दिला. बाबासाहेबांनी दोन ओळखीच्यांना विचारून पाहिलं. एक हिंदू, एक ख्रिश्चन. एकाने घरातले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हणून टाळलं. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे पाच तास कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाने कामाठी बागेत काढले. ही बाग म्हणजे आजचं सयाजीबाग. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

खिशात पैसे होते. भाडं द्यायची तयारी होती. तरीही छप्पर मिळालं नाही.

मुंबईत परतल्यावर पुन्हा परळ. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली, पगार ४५० रुपये. चांगलं घर घेता आलं असतं. पण लंडनचं अर्धवट शिक्षण डोक्यात होतं. त्यामुळे चाळ सुटली नाही. रमाबाई ठरलेल्या रकमेत घर चालवायच्या आणि उरलेला पैसा शिल्लक पडायचा.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि ५,००० रुपयांचं कर्ज. कर्ज देणारा कोण? न्यूयॉर्कचा रूम पार्टनर नवल भथेना.

लंडनमध्ये खोली मिळाली, पण घरमालकीण खाण्याच्या बाबतीत हात आखडता घेणारी. सकाळी पावाचा तुकडा, थोडे मासे आणि चहा. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी. रात्री भूक लागली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहत होते. पुढे त्यांना डी.एससी. मिळाली, बॅरिस्टरही झाले.

परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. शिक्षणासाठी वसतिगृहं चालवणं हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होतं. जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात सभेचं वसतिगृह सुरूही झालं. खेड्यातला मुलगा हायस्कूलसाठी शहरात आला, तर शाळेच्या आधी त्याला खोली हवी, हा साधा हिशोब त्यामागे होता.

स्वतःचं घर मात्र त्यांनी बऱ्याच उशिरा बांधलं. १९३० च्या दशकात, चाळिशी ओलांडल्यावर. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. तिथे हजारो पुस्तकांना जागा होती. ज्या मुलाला अभ्यासासाठी रात्री दोनपर्यंत थांबावं लागायचं, त्याने घराची आखणीच वाचनासाठी केली.

लंडनचं किंग हेन्रीज रोडवरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे आता स्मारक आहे. आणि सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात स्वाधार योजना आहे. जेवण आणि राहण्याचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. योजनेला नाव बाबासाहेबांचंच आहे.

पैशांची अडचण त्यातून थोडी सुटते. पण बडोद्यात बाबासाहेबांची अडचण पैशांची नव्हती. आडनाव विचारणाऱ्या घरमालकावर अजून कुठली योजना निघालेली नाही.