दुःखात गाणारा कवी

भोपाळमधील एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात दुःख झाले की दफनविधीनंतर संध्याकाळी मंडळी जमतात. पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि मग कोणीतरी वडीलधारे ‘उपासना संगीत’ उघडतात. 1956 मध्ये मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. तेव्हा नागपूरकडून कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त तिकडे गेली. आपल्या लोकांनी सामानाबरोबर आपली गीतेही नेली. 1984 च्या डिसेंबरातील त्या विषारी रात्रीनंतर तर सारे शहरच शोकात बुडाले. अशा वेळी बोलायला शब्द नसतात. पण गायला मिळतात. ते शब्द ज्यांनी आपल्याला दिले त्यांच्यापैकी एक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आज आपण त्यांच्या आयुष्याकडे पाहू.

टिळकांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडिलांचा स्वभाव कठोर. मायेची सावली होती ती आईची. पण ती सावली बालपणीच हरपली. हा घाव त्यांच्या मनात कायमचा राहिला. पुढे ते शिकले, कवी झाले आणि पोटासाठी गावोगाव फिरले. मन मात्र खऱ्या धर्माच्या शोधात तळमळत होते. हा शोध चालू असता ते राजनांदगावलाही राहिले. हे गाव 2000 पर्यंत मध्य प्रदेशातच होते. तिकडच्याच एका आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो वाचता वाचता ते ख्रिस्ताचे झाले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

प्रभू मिळाला, पण घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यापासून दूर राहिले. प्रभूच्या मागे जाणाऱ्याला दुःख होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ही वर्षे आठवावीत. अखेर कुटुंब एकत्र आले आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला राहून टिळकांनी शंभराहून अधिक गीते रचली. त्याआधी आपल्या मंडळ्यांत बहुतेक गीते इंग्रजी चालीवर बेतलेली असत. टिळकांनी अभंग व ओवी जवळ केली. ज्या वळणाने आपल्या आज्या जात्यावर गात, त्याच वळणाने दुःखी माणूस आता प्रभूपाशी रडू लागला. आणि पाहा, ज्याची आई बालपणी गेली, त्याने आपल्या गीतांत ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली! ही नुसती कविकल्पना नव्हे. पोरक्या मुलाला जी जागा रिकामी वाटत होती, तिथेच त्याला प्रभू भेटला.

9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. लिहावाचायला पतीनेच शिकवले होते. त्या विधवा बाईने लेखणी उचलली आणि पुढचे चौसष्ट अध्याय रचले. 1936 मध्ये त्याही प्रभूकडे गेल्या. मग शेवटचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहिला व 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका घराने आपला शोक असा प्रभूच्या चरित्रात ओतला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलांना ही गीते सुखाच्या दिवसांतच पाठ करून द्या. गीत गेलेल्या माणसाला परत आणत नाही, आणि डोळ्यांतले पाणीही लगेच थांबवत नाही. परंतु रात्र लांबते, भेटायला आलेले लोक घरी जातात, तेव्हा पाठ असलेले गीत आपल्यापाशी राहते. आणि ते गाता गाता कळते, की प्रभूही उठून गेलेला नाही.