विश्लेषण : ग्रोथ हार्मोनची कुपी प्रयोगशाळेत कशी आली? चो हाओ ली यांनी काय केले?

सांगवीत बसून मोबाइलवर ग्रोथ हार्मोन शोधले, तर फक्त संशोधनासाठी असा शिक्का असलेल्या कुप्याही दिसतात. ती कुपी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले इंजेक्शन एकच का नाही, हे चो हाओ ली यांच्या आयुष्यातून कळते.

कोण होते ली?

जन्म १९१३, चीनमधील कँटन. नानजिंगमध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते १९३५ मध्ये अमेरिकेतील बर्कलेला आले आणि तीन वर्षांत पीएचडी झाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीच्या मागे ते लागले, ते आयुष्यभरासाठी.

१९४४ मध्ये हर्बर्ट इव्हान्स यांच्यासोबत त्यांनी गुरांच्या ग्रंथीतून वृद्धी संप्रेरक वेगळे केले. पण गुरांचे संप्रेरक माणसाला लागू पडत नाही. मग १९५६ मध्ये ली आणि हॅरॉल्ड पॅपकॉफ यांनी मानवी संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवले. दोन वर्षांनी मॉरिस रेबेन यांनी, वेगळ्या पद्धतीने काढलेल्या संप्रेरकाने, खुज्या राहिलेल्या मुलाची उंची वाढते हे दाखवले.

कच्चा माल मात्र एकच होता: मृतदेहांतील ग्रंथी. त्यामुळे पुरवठा कायम तोकडा.

रचना कुठे चुकली?

१९६६ मध्ये ली यांनी या प्रथिनात १८८ अमिनो आम्ले असल्याचे मांडले. १९७१ च्या सुरुवातीला ते कृत्रिमरीत्या बनवल्याची बातमी जगभर गाजली. त्याच वर्षी इतर संशोधकांनी क्रम तपासला आणि त्यात चूक निघाली; खरा आकडा १९१. म्हणजे बनवलेला रेणू चुकीच्या नकाशावरचा होता. तरी ली थांबले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी चक्क उंटाच्या ग्रंथीतून बीटा-एंडॉर्फिन हे वेदनाशामक द्रव्य शोधले.

१९८५ मध्ये काय घडले?

लहानपणी मृतदेहांतील संप्रेरक घेतलेल्या काही तरुणांचा क्रॉयट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या आजाराने मृत्यू झाल्याचे उघड झाले. रोग पसरवणारे प्रायॉन नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाहीत. अमेरिकेत हा पुरवठा थांबला आणि त्याच वर्षी जिवाणूंत मानवी जनुक घालून बनवलेल्या संप्रेरकाला मंजुरी मिळाली. हा बदल पाहून ली १९८७ मध्ये गेले.

मग संशोधनाची कुपी कशासाठी?

पेशींवरील प्रयोगांसाठी आणि रक्ततपासणीच्या पद्धती जुळवण्यासाठी. भुकटी थंड ठेवतात, द्रावण हलक्या हाताने करतात. जोरात हलवले की फेस येतो आणि प्रथिनाच्या गुठळ्या होतात. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणेही टाळतात. रसायन म्हणून ते ९५ टक्के शुद्ध असले, तरी माणसाला टोचण्यासाठी लागणाऱ्या निर्जंतुकता आणि जिवाणू-विषाच्या चाचण्या त्याच्यावर झालेल्याच असतात असे नाही. शिवाय कुपी वाटेत किती तास उन्हात होती, हे लेबलवर लिहिलेले नसते.