दोन हंगामांमधला खेळ

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ येतील. मी मात्र अशा माणसाविषयी लिहितो, ज्याचा नाशिकशी काही संबंध नव्हता, पण आपल्या कित्येक मे महिन्यांच्या सकाळी ज्याच्या खेळात गेल्या. ते म्हणजे बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नायस्मिथ.

त्यांचा जन्म 1861 साली कॅनडातला. नवव्या वर्षी आईवडील दोघेही विषमज्वराने गेले, मामांनी सांभाळले. शाळा अर्धवट सोडून त्यांनी काही वर्षे जंगलात लाकूडतोडीचे काम केले. मग वर्गातल्या इतरांपेक्षा मोठे झालेले असूनही ते पुन्हा शाळेत जाऊन बसले. पुढे मॅकगिल विद्यापीठाची पदवी आणि धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेत शिक्षक झाले.

तिथे अडचण होती ती हंगामाची. फुटबॉल शरदात संपे, बेसबॉल वसंतात सुरू होई. मधल्या हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत त्याच त्या कवायतींना मुले कंटाळत. वरिष्ठ ल्यूथर ग्युलिक यांनी नायस्मिथना चौदा दिवसांत नवा खेळ शोधायला सांगितले. धसमुसळेपणा टाळण्यासाठी त्यांनी चेंडू घेऊन पळण्याला बंदी केली. लक्ष्य डोक्यावर ठेवले, म्हणजे जोरापेक्षा नेम महत्त्वाचा ठरावा. शिपायाने खोकी नसल्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या. डिसेंबर 1891 मध्ये तेरा नियम लावून नऊ-नऊ जणांचा पहिला सामना झाला आणि 1–0 असा संपला. दहा फुटांची ती उंची आजही तीच आहे.

1898 साली ते वैद्यकीय पदवी घेऊन कॅन्सस विद्यापीठात गेले. गंमत अशी की तिथल्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी 55 सामने जिंकले आणि 60 हरले. हार-जीत त्यांनी फारशी मनावर घेतली नाही. खेळाडू माणूस म्हणून कसा घडतो, हे ते पाहत. खेळावर त्यांनी पैसाही मिळवला नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आला, तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी वर्गणी जमवावी लागली. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू आपले देशी खेळ दाखवत होता. 28 नोव्हेंबर 1939 रोजी नायस्मिथ वारले.

आपल्याकडे हा खेळ वाय.एम.सी.ए.च्याच वाटेने आला. आपल्या वेळी शालेय स्पर्धा संपल्या तरी सर सुट्टीत भल्या पहाटे मैदानावर हजर असत आणि एक पैसाही घेत नसत. आज माझी नात नववीत आहे आणि हंगाम संपल्यावर क्लबात खेळते. शिकवतात उत्तम, स्पर्धाही चांगल्या होतात. पण फी, बूट, परगावचे सामने हा खर्च सगळ्यांना झेपत नाही. तिच्या वर्गातली एक चांगली उंच, चपळ मुलगी एवढ्यासाठीच थांबली.

रिकाम्या हिवाळ्यात मुले वाऱ्यावर राहू नयेत म्हणून निघालेला हा खेळ आहे. तो सुट्टीत फक्त ऐपत असलेल्यांचा राहिला, तर मूळ हेतूच हरवतो. म्हणून माझी सूचना: मेळाव्याच्या निधीतून दरवर्षी मे महिन्यात शाळेच्या मैदानावर विनाशुल्क सराववर्ग भरवावा. सकाळी सहाला यायला मी तयार आहे. आणखी चौघे मिळाले, तर संघ पुरा होईल.