पुराच्या हिशेबाने बांधणारा अभियंता

बांधकामाचे वेळापत्रक कागदावर आखणे सोपे असते; नदीला ते ठाऊक नसते, एवढीच अडचण. आता या कामी मशीन लर्निंगचे साहाय्य घेतले जाते. पूर्वीच्या बांधकामांच्या नोंदी, पाऊस, मजुरांची उपस्थिती, साहित्याचा पुरवठा यांवरून कोणते काम किती रखडण्याचा संभव आहे, हे संगणक सांगतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हे सारे अनुभवातून शिकावे लागले, आणि त्याचा पहिला धडा मिळाला तो खानदेशात.

१८६१ मध्ये मुद्देनहळ्ळी येथे जन्मलेले विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. धुळ्याकडे दातर्ती येथे पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन टाकायचा होता. काम अर्ध्यावर असताना पाऊस लागला आणि पुराबरोबर येणारी वाळू अडचणीची ठरू लागली. उरलेले काम पावसाळ्यानंतर करावे, असे या नवख्या अभियंत्याने वरिष्ठांना कळवले. उत्तरादाखल शिस्तीची समज मिळाली! त्यांनी काम पुन्हा हाती घेऊन तडीस नेले, तेव्हा वरिष्ठांनीही ते वाखाणले. तरीही त्यांची शंका अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. पावसाची गणती कामाच्या आखणीतच व्हायला हवी होती.

पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी आपल्या संकल्पनेची स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ती उघडत आणि उतरले की मिटत. पूर केव्हा येणार, याचे भाकीत करण्याची गरजच उरली नाही.

कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. येथे अनिश्चितता दुहेरी होती. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वाढीव वीज देण्याची मुदत ठरून गेली होती आणि त्याआधी धरण विशिष्ट उंचीपर्यंत चढणे भाग होते. मलेरियाने मजूर आजारी पडत असतानाही रात्री दिव्यांच्या उजेडात बांधकाम चालू राही. १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या दिवाण झाले, तरी या कामावरची त्यांची नजर हटली नाही.

दुसरी अनिश्चितता राजकीय. मद्रास सरकारने केवळ ८० फूट उंचीच्या धरणाला संमती दिली होती. अधिक उंचीची परवानगी केव्हा मिळेल, मिळेल तरी की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हैसूरने पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाला पुरेल इतका रुंद घातला. पैशाच्या दृष्टीने हा जुगारच होता. परवानगी आलीच नसती, तर तो जादा खर्च दगडात गाडला गेला असता, आणि टीकाकारांना आयतेच निमित्त मिळाले असते.

१९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. दोन्ही सरकारांमधील करार १९२४ मध्ये झाला, धरण त्यानंतर काही वर्षांनी पुरे झाले. १९५५ मध्ये ‘भारतरत्न’ लाभलेल्या आणि १९६२ पर्यंत जगलेल्या विश्वेश्वरय्यांना ते डोळ्यांनी पाहता आले. पाया पुन्हा खणावा लागला नव्हता.