क्रिस्टोफर स्ट्रेची: एका मशीनवर अनेक कामं चालवायचा विचार मांडणारे शाळामास्तर

एखाद्या मध्यम कंपनीची सर्व्हर रूम डोळ्यांसमोर आणा. मेलसाठी एक सर्व्हर, अकाउंट्ससाठी दुसरा, फाइल्ससाठी तिसरा. वीज आणि एसी चोवीस तास चालू, पण प्रत्येकाचा प्रोसेसर बराच वेळ रिकामाच. म्हणूनच आता हे सगळे सर्व्हर एका दणकट मशीनवर आणले जातात. याला म्हणतात सर्व्हर कन्सॉलिडेशन, आणि ते जमतं व्हर्च्युअलायझेशनमुळे. महागडं मशीन रिकामं बसू द्यायचं नाही, हा विचार मात्र जुना आहे. तो नेमकेपणाने मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे क्रिस्टोफर स्ट्रेची.

सुरुवात अडखळतच

स्ट्रेची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झाला. घराणं नावाजलेलं. आजोबा सर रिचर्ड यांनी भारतात ब्रिटिश प्रशासनात मोठी पदं सांभाळली, वडील ऑलिव्हर गुप्त संदेश उलगडण्यात तरबेज, आई रे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली कार्यकर्ती, तर काका लिटन प्रसिद्ध लेखक. अशा घरातला हा मुलगा १९३५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला खरा, पण मधेच मानसिक आजाराने खचला आणि पदवीही साधारणच मिळाली. संशोधनाची वाट बंद झाली. युद्धकाळात त्यांनी एका टेलिफोन कंपनीत व्हॉल्व्हवर काम केलं, त्यानंतर शाळेत शिकवायला लागले. १९४९ पासून ते हॅरो या प्रसिद्ध शाळेत मास्तर होते.

सुट्टीतला प्रोग्रामर

१९५१ च्या जानेवारीत एका मित्राच्या ओळखीने त्यांनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतला पायलट एस हा कॉम्प्युटर पाहिला आणि त्यांना वेडच लागलं. शाळेचं काम सांभाळून त्यांनी ड्राफ्ट्स या सोंगट्यांच्या खेळाचा प्रोग्राम लिहिला. पायलट एसची मेमरी त्याला पुरेना. मग त्यांनी मँचेस्टरच्या मोठ्या मशीनकडे मोर्चा वळवला. त्या मशीनचं मॅन्युअल लिहिलं होतं अ‍ॅलन ट्युरिंग यांनी. ते वाचून स्ट्रेची यांनी तोवरच्या मानाने खूपच लांबलचक प्रोग्राम तयार केला आणि रात्रभर बसून तो चालवून दाखवला. शेवटी मशीनने ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं! १९५२ मध्ये ते शाळा सोडून सरकारी संशोधन महामंडळात रुजू झाले. फेरांटी कंपनीच्या पेगासस या कॉम्प्युटरच्या रचनेतही त्यांचा मोठा हात होता.

१९५९ चा पेपर

आता मुख्य मुद्दा. त्या काळी कॉम्प्युटर प्रचंड महाग होते. प्रोसेसर वेगवान, पण टेप आणि कार्ड रीडर अगदी मंद. डेटा येईपर्यंत प्रोसेसर नुसता थांबून राहायचा. प्रोग्रामर चूक शोधत डोकं खाजवत बसला, तरी मशीन अडकलेलंच. जून १९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत स्ट्रेची यांनी यावर उपाय मांडला. एकच मशीन, पण त्यात एकाच वेळी अनेक प्रोग्राम. एक थांबला की लगेच दुसऱ्याला प्रोसेसर द्यायचा.

पण इथे धोका आहे. एका प्रोग्रामने चुकून दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं तर? सगळंच कोसळेल. म्हणून मेमरीला हार्डवेअरचंच संरक्षण हवं आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा एक वेगळा प्रोग्राम हवा. आज हायपरव्हायझर हेच करतो. तो प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला आपापल्या चौकटीत ठेवतो.

इथे एक फरक लक्षात घ्या. अनेक माणसं आपापल्या टर्मिनलवरून एकच मशीन वापरतात, ती कल्पना अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी पुढे नेली. स्ट्रेची यांचा भर अनेक प्रोग्राम एकत्र चालवण्यावर होता. पुढे १९६७ मध्ये आयबीएमच्या सीपी-४० ने प्रत्येक वापरकर्त्याला जणू स्वतंत्र मशीनच दिलं. १९७२ मध्ये व्हीएम/३७० आलं. साध्या पीसीच्या प्रोसेसरवर हे आणणारी व्हीएमवेअर १९९८ मध्ये सुरू झाली.

भाषांचा वारसा

१९६२ मध्ये स्ट्रेची केंब्रिजला परतले आणि सीपीएल या भाषेवर काम करू लागले. ती भाषा पूर्णपणे कधी उभी राहिलीच नाही. पण तिच्यातून बीसीपीएल आली, त्यातून बी आणि बी मधून सी. आजचे केव्हीएम आणि झेन हे हायपरव्हायझर मुख्यतः सी मध्येच लिहिलेत! १९६५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुप सुरू केला. तिथे डाना स्कॉट यांच्यासोबत प्रोग्रामचा अर्थ गणिताने सांगायची पद्धत घडवली. १९७१ मध्ये, साधारण पदवीमुळे मागे पडलेला हा माणूस ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला. १८ मे १९७५ रोजी काविळीच्या आजाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५८.

आपण काय घ्यायचं?

तुमच्या ऑफिसात पाच सर्व्हर एकावर आणायचे असतील, तर स्ट्रेची यांचे दोन्ही प्रश्न विचारा. मशीन किती वेळ रिकामं असतं? आणि एकाची चूक दुसऱ्याला भोवणार नाही ना? तिसरा प्रश्न आपल्या काळाचा: ते एकच मशीन बंद पडलं तर काय? म्हणून दुसरा होस्ट आणि वेगळ्या जागी बॅकअप आधी ठेवा, मगच जुने सर्व्हर बंद करा.