चार्ल्स गुडइयर : रबर सांधणारा माणूस

आपल्या सोलापुरातून विजापूर किंवा अक्कलकोटच्या रस्त्याने मोटारसायकल चालवणाऱ्याला टायरचे दुखणे नवे नाही. बैलाच्या नालाचा खिळा, बाभळीचा काटा, बाटलीची काच, पत्र्याचा तुकडा, काय वाट्याला येईल ते सांगता येत नाही. ट्यूबचे छिद्र ठिगळाने बुजते. टायरला चीर गेली तर कच्चे रबर भरून, दाबून तापवावे लागते. आतले धागे तुटले असतील किंवा चीर टायरच्या कडेला असेल, तर जाणता कारागीर टायरच बदलायला सांगतो. तापवून रबर एकजीव करण्याच्या या क्रियेला व्हल्कनायझिंग म्हणतात. ती ज्याने शोधली, त्याचा स्वतःचा संसार मात्र कधीच सांधला गेला नाही.

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेत न्यू हेवन येथे झाला. वडिलांबरोबरचा लोखंडी सामानाचा धंदा १८३० मध्ये बुडाला व कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला. पुढे त्यांना रबराचा ध्यास लागला. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ. त्यांनी बनवलेल्या टपालाच्या पिशव्याही उष्म्याने वितळल्या. घरातल्या वस्तू विकल्या गेल्या, काही मुले लहानपणीच दगावली. या हट्टाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. पत्नी क्लॅरिसा आणि मुलांनीही मोजली.

१८३९ मध्ये वोबर्न गावी गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीवर पडले. ते वितळले नाही. चामड्यासारखे चिवट झाले. उष्णतेने गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधते, हे त्याचे कारण पुढे कळले. मात्र उष्णता किती आणि किती वेळ द्यायची, हे ठरवण्यात आणखी वर्षे गेली. १८४४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. ब्रिटनमध्ये थॉमस हॅनकॉक आधीच पुढे गेले होते. १८५२ मध्ये गुडइयर यांनी मायदेशी मोठा खटला जिंकला, तरी कर्ज फिटले नाही. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सचा सन्मान त्यांच्याकडे आला, तोही कर्जदारांच्या तुरुंगात.

१ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सुमारे दोन लाख डॉलर देणे बाकी होते. डनलॉप यांचे हवेचे टायर आले १८८८ मध्ये. गुडइयर नावाची कंपनी निघाली १८९८ मध्ये. तिने फक्त त्यांचे नाव घेतले, घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

रस्त्याकडेच्या दुकानात चीर भरून टायर पुन्हा धावू लागते, तेव्हा त्या कारागिराच्या हातात गुडइयर यांचीच विद्या असते. तिचे मोल ज्यांनी चुकवले, त्या घराची आठवण आपण ठेवायला हवी.